अंदमानचं ‘पाच रात्री सहा दिवस’ पॅकेज: कोटेशन ओळीओळीनं वाचताना

संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, कुठल्याही गावातल्या ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर अंदमानचं कोटेशन मागा, व्हॉट्सॲपवर येणारी पीडीएफ थोड्याफार फरकानं एकच असते. पाच रात्री, सहा दिवस. त्यातल्या तीन किंवा चार रात्री पोर्ट ब्लेअरला, एक हॅवलॉक बेटावर, आणि नील बेटावर एक रात्र नाहीतर नुसती ‘डे ट्रिप’. पहिल्या पानावर मात्र पांढरी वाळू आणि काचेसारखं पाणी. हा रिव्ह्यू कोणा एका एजन्सीचा नाही, या साचेबंद पॅकेजचा आहे. त्याला पाचपैकी अडीच. बेटांना पैकीच्या पैकी, कापलेले गुण वेळापत्रकाचे.

तक्रार एकच आहे आणि बाकी सगळ्या तिच्यातूनच निघतात. फोटो बेटांचा लावायचा आणि रात्री शहरात काढायला लावायच्या. पोर्ट ब्लेअर हे शहर आहे. तिथं सेल्युलर जेल आहे, बाजार आहे, ट्रॅफिक आहे. शहराच्या वाट्याला आलेला कॉर्बिन्स कोव्हचा किनारा संध्याकाळी पाय मोकळे करण्यापुरता ठीक. ज्याच्यासाठी माणूस पैसे साठवतो तो किनारा फेरीबोटीनं दीड तास पलीकडे आहे. गटाला एकाच हॉटेलात वीस-पंचवीस खोल्या पोर्ट ब्लेअरला सहज मिळतात, नीलला सीझनमध्ये मिळत नाहीत, म्हणून रात्री अशा वाटल्या जातात. एजंटची ती सोय आहे, तुमची नव्हे. विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: “ताई, नीलला राहून काय करणार? तिथं काहीच नाही.” हे उत्तर आलं की दोन रात्री नीलला मागून घ्या.

नावांचा घोळ आधी मिटवू. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप 2018 मध्ये झालं, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम 2024 मध्ये. कोटेशनवर जुनी नावं आणि तिकिटावर नवी, असं बरेचदा दिसतं. चुकीचं तिकीट आलं म्हणून घाबरायचं कारण नाही. या तिन्ही ठिकाणी जायला भारतीयांना वेगळं परमिट लागत नाही. फेरीच्या तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव मात्र एकच हवं, लग्नाआधीचं-नंतरचं असं नको.

आता उजेड. घड्याळ तिथंही भारताचंच चालतं, पण संभाजीनगर साधारण 75 रेखांशावर आणि पोर्ट ब्लेअर 93 च्या जवळ. त्यामुळे डिसेंबरात तिकडे पावणेसहाच्या आत सूर्य वर आलेला असतो आणि संध्याकाळी पाचच्या आसपास बुडतो. साडेपाचला अंधार. पॅकेजमध्ये मात्र दिवस आपल्याकडचाच धरलेला असतो: नऊला नाश्ता, दहाला गाडी, दुपारी जेवण, चारला बीच. चारला निघून हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याच्या वाळूवर पाय टेकेपर्यंत साडेचार वाजतात. हातात उरतो अर्धा तास. फोटो काढायचे की पाण्यात उतरायचं, यावरूनच घरात वाद. कोटेशनमध्ये एवढा एक बदल लिहून घ्या: बीचवर सकाळी सातला किंवा दुपारी दोनला पोचवायचं, आणि पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक फेरी सकाळचीच. दुपारी दोनच्या फेरीनं हॅवलॉकला उतरवून त्याच दिवशी ‘राधानगर सनसेट’ लिहिलेलं असेल, तर तो सनसेट बहुधा गाडीच्या काचेतून दिसेल.

उजेडाइतकीच मोठी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती कुठल्याच पीडीएफमध्ये नसते. मराठवाड्यातल्या माणसाला पाणी उतरणं माहीत असतं ते जायकवाडीचं, मांजऱ्याचं. एकदा उतरलं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट बघायची. समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, शिवाय ही वेळ रोज साधारण पाऊण-एक तासानं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे चढही मोठा आणि उतारही खोल. अष्टमीच्या आसपास भांग, फरक कमी. त्यामुळे सहलीची तारीख ठरवताना विमानाच्या भाड्याबरोबर भिंतीवरचं पंचांगही बघावं. ‘तिथीला पाऊणपट’ हा भरतीची वेळ काढायचा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा, तो अंदमानात लागू पडत नाही. त्यासाठी पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, मोबाइलवर काढून ठेवा.

हे इतकं का, ते नीलवर कळतं. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे, सगळे तिला नॅचरल ब्रिज म्हणतात. तिथं नीट पोचता येतं ते ओहोटीलाच. पाणी उतरलं की खडकाचा मोठा सपाट ओटा उघडा पडतो आणि त्यातल्या खळग्यांत राहिलेल्या पाण्यात जिवंत प्रवाळ, समुद्रकाकडी, छोटे रंगीत मासे, एखादा खेकडा असं गुडघ्यावर वाकून बघता येतं. भरतीला तिथंच नुसत्या लाटा आणि लांबून दिसणारा दगड. उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी आणि स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं) असतं, तिथं पाणी भरलेलं हवं. ओहोटीला प्रवाळ इतकं वर येतं की होडीला जागा राहत नाही आणि माणसं नकळत प्रवाळावर पाय देतात. म्हणजे एकाच बेटावरच्या या दोन जागा एकमेकींच्या उलट वेळेला बघायच्या. डे ट्रिपवाले अकरा ते दोन असे तीन तास नीलवर असतात, त्यांना यातली एकच गोष्ट मिळते, कधीकधी एकही नाही. दोन रात्री असतील तर दोन भरत्या, दोन ओहोट्या उजेडात हाती येतात.

नॅचरल ब्रिजला साधी रबरी चप्पल नको. शेवाळानं घसरते आणि मेलेलं प्रवाळ ब्लेडसारखं धारदार असतं. मागून पट्टा असलेली सँडल हवी. उतरायच्या वाटेवर चढ-उतार आहे, गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना वरच बसवलेलं बरं. वर नारळपाणी, लिंबूपाणी, चाट मिळतं.

नील हे तसं शेतकऱ्यांचं बेट. फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांची वस्ती, भात, केळी, सुपारी, नारळ, भाजीपाला. अंदमानचं भाज्यांचं कोठार अशीच त्याची ओळख. किनाऱ्यांची आणि गावांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. सीतापूर पूर्वेला, सूर्योदय तिथं. लक्ष्मणपूरचा पहिला किनारा पश्चिमेला, सूर्यास्त तिथं. सायकल किंवा स्कूटी घेतली की एका दिवसात सगळं होतं आणि गाडीवाल्याचं ‘साइटसीइंग’ लागत नाही. स्कूटीला मूळ लायसन्स हवं, मोबाइलमधल्या फोटोवर सगळे देतीलच असं नाही. हेल्मेट मागून घ्या. घेताना गाडीच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा, परत देताना जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेल्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

हॅवलॉकच्या राधानगरबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे. 2004 मध्ये टाइम मासिकानं त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, 2020 मध्ये स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालं. जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. मागे उंच झाडांचं दाट जंगल, समोर रुंद, सपाट, पिठासारखी वाळू. गोदावरीची वाळू म्हणजे दगडाचा चुरा. ही वाळू प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची, त्यातला काही भाग तर प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशाच्या पोटातून आलेला. म्हणून ती पांढरी, आणि काळ्या वाळूइतकी तापत नाही. तळ पांढरा आणि पाण्यात गाळ नाही, म्हणून पाणी हिरवट-निळं दिसतं. पावसात ओढ्यांचं पाणी मिसळलं की हाच रंग गढुळतो, पीडीएफमधला फोटो ऑगस्टचा नसतो. याच पांढऱ्या वाळूवरून ऊन खालूनही लागतं. टोपी घालूनही हनुवटी आणि गळा भाजतो. पूर्ण बाह्यांचा पातळ टी-शर्ट क्रीमपेक्षा जास्त कामाचा, तो पाण्यानं निघून जात नाही.

राधानगरला प्रवाळ नाही. तिथं स्नॉर्केलिंगच्या अपेक्षेनं जाऊ नका, ते पोहायचं, डुंबायचं ठिकाण. जीवरक्षकांनी आखलेल्या हद्दीतच राहायचं, आणि हे नुसतं लाटांमुळे नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि 2010 मध्ये राधानगरच्या बाजूच्या नील्स कोव्हमध्ये एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीमुळे मृत्यू झालेला आहे. त्यामुळे कडेच्या खाडीकडे, ओढ्याच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही, ‘तिकडे गर्दी नाही’ म्हणून तर मुळीच नाही. जीन्स घालून पाण्यात उतरणारे दर गटात दोन-चार असतातच. भिजलेली जीन्स आणि सुती साडी दोन्ही पायांना ओढतात. सिंथेटिक ट्रॅक पँट चालेल.

प्रवाळ बघायचं ते एलिफंट बीचला. जेट्टीवरून स्पीडबोटीनं वीस-पंचवीस मिनिटं. कोटेशनमध्ये ‘एलिफंट बीच ट्रिप’ असेल तर तीन गोष्टी विचारा: बोटीचं तिकीट त्यात आहे का, स्नॉर्केलिंग आहे का, आणि ते किती मिनिटांचं. बरेचदा बोट असते आणि तिथं मास्क लावून पाण्यात तोंड बुडवायची पाच-दहा मिनिटं ‘कॉम्प्लिमेंटरी’ असतात. लांबवर न्यायचे वेगळे पैसे. सी-वॉक, जेट स्की, बनाना राइडही वेगळे. माणशी दोन-तीन हजार तिथंच सुटतात, ते धरून पॅकेजची तुलना करा. प्रवाळाचा रंग टीव्हीवर दिसतो तसा सगळीकडे मिळणार नाही. 2010 च्या उष्ण पाण्यानं अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. मासे मात्र भरपूर.

मास्कमध्ये पाणी शिरण्याचं मोठं कारण आपल्याकडच्या मिशा. मास्कची रबरी कड ओठावरच्या केसांवर बसली की फट राहतेच. तिथं थोडं व्हॅसलीन लावून बघा. दुसरं कारण म्हणजे पट्टा करकचून आवळणं. मास्क पट्ट्यानं नाही, आतल्या हवेच्या ओढीनं चिकटतो. पट्टा न लावता तोंडावर धरून नाकानं हवा ओढायची. हात सोडल्यावर तो तसाच राहिला तर माप बरोबर.

स्कुबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जायला, पोहता यायलाच हवं असं नाही. ‘ट्राय डाइव्ह’मध्ये प्रशिक्षक टाकी धरून बरोबर असतो, खोली पाच ते दहा-बारा मीटर, वय किमान 10. दर साडेतीन हजारांपासून पुढे. चुकतं ते कानात. खाली जाताना नाक दाबून हळूच फुंकून कान मोकळे करायचे असतात, आणि ते दुखायला लागायच्या आधी, दर मीटरला. सर्दी असेल तर हे होत नाही, त्या दिवशी डाइव्ह करूच नये. दमा, हृदयाचा त्रास, न आटोक्यात येणारं बीपी असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं: डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी 18 तासांचं अंतर ठेवा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांसारखा बाहेर पडतो. ज्या पॅकेजमध्ये शेवटच्या दिवशी सकाळी स्कुबा आणि दुपारी विमान आहे, ते बनवणाऱ्याला यातलं काही कळत नाही असं समजा.

फेरी. प्रायव्हेट फेरी चारही बाजूंनी बंद, एसी, वेगवान. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड तासाच्या आसपास. तिच्यातले वरचे क्लास म्हणजे रुंद खुर्ची आणि मोठी खिडकी, हलणं सगळ्यांना सारखंच. उलट वरच्या मजल्यावर जास्त. मळमळणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागे बसावं, मोबाइल बंद ठेवावा, लांबच्या क्षितिजाकडे बघावं. डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी. फेरी हलायला लागल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते. पोट रिकामंही नको आणि पुरी-भाजीनं भरलेलंही नको. दोन बिस्किटं, आल्याचा तुकडा. सरकारी बोट स्वस्त, अडीच तासांच्या आसपास, डेकवर उभं राहून वारा खाता येतो, त्यामुळे कित्येकांना मळमळ कमी होते. पण तिची तिकिटं थोडेच दिवस आधी उघडतात आणि बेटावरच्या लोकांची ती एसटी आहे, पर्यटकांनी तिच्यावर सगळा बेत टांगू नये.

हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात, म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी. नीलवरून सकाळची फेरी आणि त्याच दुपारचं विमान, असं जोडलेलं असेल तर एक रद्द फेरी पूर्ण घराची विमानाची तिकिटं बुडवते. माझ्या मते नीट वाटणी अशी: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, दोन हॅवलॉक, दोन नील, शेवटची पोर्ट ब्लेअर. एक रात्र वाढते, पण ‘हाफ डे सिटी टूर’ आणि बाराटांग बेटाची सहल वगळली की खर्चात फारसा फरक पडत नाही.

बाराटांग वगळाच. पहाटे तीन-साडेतीनला उठायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांच्या ताफ्यासाठी रांग लावायची, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून न थांबता जायचं, मग बोट, मग चालत चुनखडीच्या गुहा, आणि तसंच परत. लेकरं आणि म्हातारी माणसं पार थकतात. काही जण ते ‘जारवा बघायला मिळतील’ म्हणून विकतात. तिथं गाडी थांबवणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, आणि माणसं ही बघायची वस्तू नाही हे एजंटला सांगायला हरकत नाही.

पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्रींत सेल्युलर जेलला मात्र पूर्ण दुपार द्या. 1896 ते 1906 मध्ये बांधलेल्या या जेलच्या सात शाखांपैकी तीनच उरल्यात. सावरकर 1911 ते 1921 तिथं होते, त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, आणि मराठी गटांची रांग तिथंच लागते. लाइट अँड साउंडचं तिकीट आधी काढायचं, ते पॅकेजमध्ये आहे का हे लिहून घ्या.

मराठवाड्यातून जायला हैदराबाद सोयीचं. देवगिरी एक्स्प्रेस संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला सोडते, लातूर-उमरग्याकडून रस्त्यानं. हैदराबादहून पोर्ट ब्लेअर थेट विमान अडीच-पावणेतीन तास. गाडीला उशीर होतो हे धरून रेल्वे आणि विमान यांत किमान सात-आठ तास ठेवा. शमशाबादचं विमानतळ स्टेशनपासून लांब आहे.

सीझन नोव्हेंबर ते एप्रिल, समुद्र सगळ्यात शांत फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबर-डिसेंबरात एखादं चक्रीवादळ बेत उधळू शकतं. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही मे महिन्यातली बातमी आपल्याकडे पेरणीच्या आशेनं वाचतात. मेच्या शेवटच्या आठवड्याचं स्वस्त पॅकेज स्वस्त का आहे, याचं उत्तर त्याच बातमीत आहे.

जेवण बंगाली-दक्षिणी, मासळी उत्तम. शाकाहारी मिळतं, पण दाल-भात-पनीरच्या पुढे फारसं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजके शेंगदाणे बरोबर असले की घरातले मोठे खूश. हॉटेलांचं चेक-आउट फेरीच्या वेळेमुळे सकाळी आठ-नऊलाच असतं. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेटवर्क बरंच सुधारलंय, तरी हॅवलॉक-नीलवर स्कॅनर अडकला की रोख लागते. एटीएम मोजकी आणि सुट्टीत रिकामी, माणशी तीन-चार हजार पोर्ट ब्लेअरवरूनच काढून न्या. संध्याकाळी वाळूवर बसलं की वाळूमाश्या चावतात. डास वाटतात, पण खाज आठवडाभर टिकते. खोबरेल तेलाचा जाडसर थर पायांना लावला तर त्या बऱ्याच कमी चावतात.

आणि निघताना लेकरांचे खिसे जेट्टीवरच रिकामे करा. प्रवाळाचा तुकडा मेलेला असला तरी नेणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे आणि शंखांच्याही अनेक जाती त्यात येतात. विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतात, बॅग उघडायला लावतात आणि मागची सगळी रांग तुमच्याकडे बघत उभी राहते. बाजारातून घेतलेल्या शंखांची पावती तिकिटाबरोबर हातात ठेवा, मोठ्या बॅगेत तळाशी नको.